चांदीची जुनी चहादाणी (ओळख)

जुन्या चहादाणीचा धातू व निर्माता प्रामुख्याने तिच्या तळावरील ठशांवरून ओळखले जातात. इंग्लंडमध्ये शुद्धतेची तपासणी सक्तीची होती, तेथील ९२.५ टक्के शुद्ध चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असतो. ब्रिटिश भारतात अशी सक्ती नव्हती. त्यामुळे येथील भांड्यांवर फार तर कारागिराची वा दुकानाची खूण आढळते. पुष्कळदा तीही नसते. वेलबुट्टीच्या उठावकामासाठी प्रसिद्ध असलेले कच्छचे कारागीर ओमर्सी मावजी यांच्या भांड्यांवर रोमन लिपीत ‘ओ. एम.’ आणि ‘भुज’ अशी अक्षरे दिसतात.

‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे मात्र अनेकांची फसगत करतात. तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चढविलेल्या चांदीच्या मुलाम्याची ती खूण होय. हाच मिश्रधातू जर्मन सिल्व्हर. त्यात चांदी मुळीच नसते. कडांवर मुलामा झिजला की आतील पिवळसर छटा दिसू लागते. वारंवार घासल्याने ठसे पुसट होतात व ओळखीचा मुख्य पुरावाच नाहीसा होतो.