तिरळेपणा, बालवयातील (आतल्या बाजूचा)

एक वा दोन्ही डोळे नाकाकडे वळलेले असणे. पहिल्या काही महिन्यांत नजर अधूनमधून फिरते. सहा महिन्यांच्या आत सुरू होऊन टिकणारा तिरळेपणा मात्र आपोआप जात नाही. तिरळा डोळा भाग्याचा, हा समज घातक आहे. मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि दृष्टी मंदावते.

आधी थेंब टाकून चष्म्याचा नंबर व दृष्टिपटल तपासतात. क्वचित तिरळेपणामागे डोळ्यातील कर्करोगही असतो. दूरदृष्टिदोषामुळे आलेला तिरळेपणा चष्म्यानेच सुधारू शकतो. अन्यथा पूर्ण भूल देऊन, बहुधा दोन्ही डोळ्यांचे नाकाकडील स्नायू सोडवून मागे शिवतात. डोळा बाहेर काढत नाहीत, हे घाबरलेल्या आईवडिलांना आवर्जून सांगावे. दोन वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास दोन्ही डोळे एकत्र वापरण्याची शक्यता वाढते. मंद डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागतेच; काहींना पुन्हा शस्त्रक्रियाही लागते.

परभणी जिल्ह्यात जिंतूर, पाथरी, गंगाखेडसारख्या तालुक्यांतील अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (2013 पासून) पथके मुलांची तपासणी करतात. पालकांनी शाळाप्रवेशापर्यंत थांबू नये. शंका येताच मूल नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.