फेशियलनंतरची मुरुमे : तेलकट त्वचेची काळजी

फेशियलनंतर काही दिवसांतच चेहऱ्यावर मुरुमे उमटल्याची तक्रार तेलकट त्वचा असणाऱ्यांकडून अनेकदा केली जाते. स्निग्ध मसाज क्रीममुळे रंध्रे बुजतात, तर जोरकस मसाज व स्क्रबमुळे आधीच्या मुरुमांचा दाह वाढतो. सौंदर्यप्रसाधनांमुळे उद्भवणाऱ्या मुरुमांचे वर्णन अमेरिकेतील क्लिगमन व मिल्स या संशोधकांनी १९७२ मध्ये केले होते.

अशा वेळी पुन्हा फेशियल, ब्लीच किंवा स्क्रब करू नये. मुरुमे फोडू नयेत. त्यामुळे व्रण व काळे डाग राहतात. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा आणि तेलविरहित मॉइश्चरायझर वापरावे. त्वचेची आग शमल्यावर २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जेलचा पातळ थर रात्री लावता येतो. गुण येण्यास काही आठवडे लागतात.

ऐकीव सल्ल्यावरून स्टेरॉइडयुक्त मलम लावणे मात्र घातक ठरते. प्रारंभी लाली ओसरते. पुढे त्वचा पातळ होऊन मुरुमे अधिक बळावतात. याच दुरुपयोगामुळे २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या १४ स्टेरॉइड औषधांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. मुरुमांत पू वा वेदनादायक गाठी आढळल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.