गांठीच्या प्लेगपासून पिंपरीच्या पेनिसिलिनपर्यंत

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा केव्हां आली आणि कोणकोणत्या धर्मगुरूंनीं सेवा केली, ह्याची हकीकत येते व ती यावी हें योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर आपण वसलों आहों त्या भूमीचीही एक हकीकत असते, व ती ठाऊक नसणें हें एक प्रकारचें अनाथपण होय. वाकड हें मुळा व पवना ह्या दोन नद्यांच्या मधलें गांव. आज येथें उंच इमारती व हिंजवडीकडे धांवणाऱ्या मोटारी दिसतात. परंतु ह्याच टापूशीं सांथीच्या रोगांच्या इतिहासाचे दोन मोठे अध्याय जोडलेले आहेत. पहिल्यांत औषध नव्हतें आणि लोकांचा विश्वासही नव्हता. दुसऱ्यांत औषध आलें. तें औषध पुढें टिकेल कीं नाहीं, हा तिसरा अध्याय असून तो आपल्या घराघरांत लिहिला जात आहे. म्हणून ही हकीकत आपल्या धर्मग्रामांतील वाचकांपुढें मांडावी, असें आम्हांस वाटलें. आम्ही कांहीं वैद्य नव्हों. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसण्याचें काम आमच्याकडे जन्मभर आलें आहे.

प्रथम प्लेगाची गोष्ट. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत लोकांना अकस्मात् जोराचा ताप येऊं लागला, काखेंत व जांघेंत गांठी येऊं लागल्या आणि थोड्याच दिवसांत माणसें दगावूं लागलीं. हा गांठीचा प्लेग आहे असें निश्चयपूर्वक ओळखणारे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे व आपल्याच कॅथलिक पंथाचे गृहस्थ होते. व्यापाराचें शहर, तेथें ह्या रोगाचें नांव उच्चारणेंही पुष्कळांस रुचणारें नव्हतें. तरी व्हिएगस ह्यांनीं सत्य सांगितलें आणि वस्तीची सफाई व्हावी म्हणून आग्रह धरला. पुढें ते मुंबईच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांतून व गल्ल्यांतून जे क्रूस उभे दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ त्याच सांथीच्या काळीं उभारलेले आहेत. त्यांच्यापुढें मेणबत्ती लावणाऱ्या आजच्या मुलांस ही गोष्ट कोणी तरी सांगितली पाहिजे.

रोगाचा जंतु त्या वेळीं सांपडलेला होता. १८९४ सालीं हाँगकाँग येथें अलेक्सांद्र येर्सिन ह्यांनीं तो शोधून काढला होता. परंतु जंतु ओळखणें निराळें आणि त्याची वाट ओळखणें निराळें. उंदीर मेला म्हणजे त्याच्या अंगावरील पिसवा उपाशी होऊन मनुष्यास चावतात व रोग देतात, ही गोष्ट पोल-लुई सिमों ह्यांनीं १८९८ सालीं कराची येथें प्रयोगानें दाखविली. आणि तीही बरींच वर्षें कोणी मनावर घेतली नाहीं. म्हणून १८९७ सालीं सरकारी अधिकारी घरें धूत होते, कपडे जाळीत होते व माणसें हलवीत होते. उंदीर मात्र एका घरांतून दुसऱ्या घरांत सुखानें जात होते.

लशीचाही आरंभ त्याच सुमारास झाला. वाल्डेमार हाफकिन ह्या ओडेसा येथें जन्मलेल्या ज्यू शास्त्रज्ञानें मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगाचे जंतु वाढवून, ते उष्णतेनें मारून लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं आपण करून दाखवावें, हा नियम त्यानें पाळला. त्याच्या वांट्यास दुःखही आलें. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोंचलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले व दोष हाफकिनच्या माथीं मारण्यांत आला. १९०७ सालीं तो निर्दोष ठरला. ज्या परळच्या प्रयोगशाळेंत त्याचें काम चाललें, तिला १९२५ सालीं त्याचें नांव देण्यांत आलें.

आतां पुण्याकडे वळूं. १८९७ च्या आरंभीं सांथ तेथें पोंचली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला, व पुण्याच्या प्लेग कमिटीच्या अध्यक्षपदीं वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांची नेमणूक झाली. गोरे सैनिक घरोघर झडती घेऊं लागले. रोगी दवाखान्यांत, त्याच्या घरचीं माणसें निराळ्या छावणींत, सामानसुमान रस्त्यावर किंवा आगींत, असा क्रम सुरू झाला. देवघर व माजघर ह्यांची मर्यादा राहिली नाहीं. स्त्रियांच्या तपासणीविषयीं फार ओरड झाली. ख्रिस्ती पंडिता रमाबाई ह्यांनींही छावणींतील कारभाराविरुद्ध वृत्तपत्रांतून जाहीर तक्रार केली.

त्याचा परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले. आजाऱ्यास माळ्यावर दडवावें, गुपचूप दुसऱ्या गांवीं न्यावें, मेल्यावर रात्रीं अंत्यविधि उरकावा, असें होऊं लागलें. जी झडती रोग शोधून काढण्यासाठीं होती, तिनेंच रोगास दडावयास जागा करून दिली. शेवटीं २२ जून १८९७ च्या रात्रीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या ज्युबिलीचा समारंभ आटोपून गणेशखिंडींतून परतणाऱ्या रँड व लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे दामोदर व बाळकृष्ण चापेकर हे आपल्या शेजारच्या चिंचवडचे. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघेही भाऊ फांशीं गेले. चिंचवडांत त्यांचा वाडा आजही लोक आदरानें पाहतात. मनुष्यवधाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु ज्या राज्यकर्त्यांनीं लोकांच्या दारावर सक्ती नेली आणि मनांत भय पेरलें, त्यांच्या पदरीं भयाचेंच पीक आलें, हें इतिहासाचें सांगणें आम्हांस नाकारतां येत नाहीं.

त्याच पुण्यांत त्याच दिवसांत दुसराही एक मार्ग दिसत होता. सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांनीं शहराबाहेर हडपसरच्या बाजूस प्लेगाच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला होता. मुंढव्याकडील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन तेथें आणलें, असें सांगतात. सेवा करतां करतां त्यांसच प्लेगानें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्याजवळही औषध नव्हतें. परंतु त्यांच्या दारीं रोगी आपण होऊन येत होता, लपत नव्हता. दोन्ही मार्गांतील भेद एवढ्या एका गोष्टींत आहे. १८९६ पासून पुढील दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानांत प्लेगानें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. त्यांतील किती जण केवळ भयानें उशीर झाल्यामुळें गेले, हें कोण सांगूं शकेल?

दुसरा अध्याय आशेचा आहे. १९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांस असें दिसलें कीं, एका कांचेच्या बशींत चुकून पडलेल्या बुरशीभोंवतींचे जंतु नाहींसे झाले आहेत. त्या बुरशींतील द्रव्यास त्यांनीं पेनिसिलिन हें नांव दिलें. जंतूच्या देहाभोंवतीं एक भिंत असते. जंतु वाढूं लागला म्हणजे ती भिंत त्यास नवी बांधावी लागते, आणि पेनिसिलिन नेमकें तें बांधकाम बंद पाडतें. मनुष्याच्या पेशींस तशी भिंत नसल्यानें जंतु मरतो व मनुष्य वांचतो. ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व हीटली ह्यांनीं हें द्रव्य शुद्ध केलें. १९४१ च्या फेब्रुवारींत अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या शिपायास तें टोंचलें असतां मरणोन्मुख मनुष्य उठून बसला. परंतु औषध संपलें आणि तो मार्चांत मरण पावला. औषध आहे पण पुरेसें नाहीं, ही दुःखद स्थिति तेव्हां साऱ्या जगाची होती.

गरीब देशाची ही स्थिति तशीच राहूं नये म्हणून स्वतंत्र भारतानें स्वतःचा कारखाना काढण्याचें ठरविलें. ह्या कामीं ज्यांनीं आग्रह धरला त्यांत साहिब सिंग सोखी हे प्रमुख होते. हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. म्हणजे प्लेगाच्या लशीचा वारसाच पेनिसिलिनच्या उभारणीस लाभला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ सालीं पेनिसिलिन तयार होऊं लागलें. चापेकरांच्या चिंचवडाशेजारींच, पवनेच्या कांठच्या माळावर, मोठमोठ्या टांक्यांतून बुरशी वाढूं लागली! ज्या इंजेक्शनसाठीं परदेशाकडे डोळे लावून बसावें लागे, तें आपल्या येथें बनूं लागलें. एच. ए. कॉलनीचें नांव त्या काळाची आठवण आजही देतें.

पुढें १९६० च्या दशकांत ह्याच कारखान्यांत स्ट्रेप्टोमायसिनही होऊं लागलें. पेनिसिलिन प्लेगावर चालत नाहीं, स्ट्रेप्टोमायसिन चालतें. ज्या रोगानें पुणें हादरलें, ज्याच्यापायीं चिंचवडच्या एका घरचे तीन पुत्र फांसावर चढले, त्याचें औषध दोन पिढ्यांच्या आंत शेजारच्या गांवीं तयार व्हावें, ह्यांत आम्हांस ईश्वरी कृपेचा हात दिसतो. तेथील शास्त्रज्ञ डॉक्टर थिरुमलाचार ह्यांनीं पिंपरीच्या मातींतून एक नवा सूक्ष्म जीव शोधला व त्यापासून बुरशीजन्य रोगांवर हॅमायसिन हें औषध मिळालें. त्या जीवाच्या शास्त्रीय नांवांत पिंपरीचें नांव गोंवलेलें आहे. पुढें ह्या कारखान्यास आर्थिक अडचणींचे दिवस पाहावे लागले. परंतु केलेलें काम त्यामुळें लहान ठरत नाहीं.

आतां तिसरा अध्याय. १९४५ च्या डिसेंबरांत नोबेल पारितोषिक स्वीकारतांना फ्लेमिंग ह्यांनींच बजावून ठेविलें होतें कीं, हें औषध अपुऱ्या प्रमाणांत घेतल्यास जंतु मरावयाचे नाहींत, उलट त्यास सरावतील. तें कसें घडतें पहा. कोट्यवधि जंतूंमध्यें कांहीं थोडे उपजतच चिवट असतात. अर्धवट औषधानें दुबळे मरतात व चिवट उरतात. मोकळी झालेली जागा त्यांची संतति व्यापते, आणि ती शेजाऱ्याच्या देहांतही जाते. म्हणजे औषध आपण घेतों, परंतु बिघाड साऱ्या वस्तीचा होतो. ह्या निर्ढावलेल्या जंतूंमुळेंच २०१९ सालीं जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें मेलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. भारत सरकारनें १ मार्च २०१४ पासून अशीं कांहीं औषधें चिठ्ठीवांचून विकूं नयेत व त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम केला आहे. परंतु नियम दुकानदारापुरता असतो. सवय घरची असते.

ती सवय आपल्या पुष्कळ घरांत आहे. मुलास सर्दी झाली कीं मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या द्यावयाच्या. ताप उतरला कीं उरलेल्या डबींत ठेवावयाच्या. साधी सर्दी व फ्लू हे विषाणूंचे आजार. विषाणूस जंतूची भिंतच नाहीं, मग पेनिसिलिननें तेथें काय पाडावें? उलट कांहीं जंतुजन्य घसादुखीकडे दुर्लक्ष झाल्यास सांधेताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात, व तेथें पेनिसिलिन खरोखरच तारक ठरतें. कोठें द्यावें व कोठें देऊं नये, हें वैद्यच सांगूं शकतो. दुकानदार नाहीं, शेजारीण नाहीं, आम्हीही नाहीं.

क्षयाची गोष्ट तर दोन्ही अध्यायांस जोडणारी आहे. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. औषधास दाद देणारा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या नियमित उपचारानें बरा होतो. त्यासाठीं रोग्यास घर सोडावें लागत नाहीं, हें मद्रास येथें १९५६ पासून झालेल्या प्रयोगानें सिद्ध झालें आहे. तरीही मुलीचें लग्न मोडेल, भाड्याची खोली जाईल, नोकरी सुटेल, ह्या भयानें खोकला लपविला जातो, किंवा दोन महिन्यांत बरें वाटलें म्हणून औषध सोडलें जातें. १८९७ सालीं लोक सैनिकांच्या भयानें रोगी लपवीत होते. आज आपण एकमेकांच्या भयानें लपवितों. २०२० च्या मार्चांत महाराष्ट्रांतील कोविडचे पहिले रोगी पुण्यांतच आढळले व १८९७ चाच कायदा पुन्हां उपयोगांत आणावा लागला. त्या दिवसांत आजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखविणारेही होते, आणि त्याच दाराशीं जेवणाचा डबा ठेवून जाणारेही होते. हडपसरच्या सीरम संस्थेची लस १६ जानेवारी २०२१ पासून टोंचली जाऊं लागली खरी. परंतु ती येईपर्यंत अनेक घरें त्या डब्यावर तगलीं.

तेव्हां ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आपल्या धर्मग्रामानें कांहीं साध्या गोष्टी नेमानें पाळाव्या, अशी आमची विनंती आहे. जेवणापूर्वीं व शौचानंतर साबणानें हात धुवावे. बालकांच्या लशी वेळेवर द्याव्या. खोकला दोन आठवडे राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. प्रतिजैविक औषध वैद्याच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये. घेतल्यास सांगितलेल्या प्रमाणांत व सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावें, व उरलेलें दुसऱ्यास देऊं नये. आणि आपल्या वाड्यांत, इमारतींत वा बांकावर शेजारीं बसणाऱ्यांत कोणास क्षय झाला आहे असें कळल्यास, त्याच्या घरीं जाणें बंद करूं नये. त्यास रोज औषधाची आठवण करून द्यावी. ज्या घरास असा सोबती हवा असेल त्यानें धर्मगुरूच्या निवासावर निःसंकोच कळवावें. तें गुप्त राहील, आणि सोबती मिळेल.