रायफलची काडतुसे : नेमबाजी आणि शिकार

राजधानी दिल्लीच्या दक्षिण भागात तुघलकाबाद येथे डॉ. कर्णी सिंग नेमबाजी केंद्र आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारण्यात आले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांपूर्वी त्याचे नूतनीकरण झाले. येथे ५० मीटर अंतरावर नेम साधणारा रायफलपटू जे काडतूस वापरतो, ते शिकारीच्या काडतुसापेक्षा आकाराने, शक्तीने आणि हेतूनेही भिन्न असते.

काडतुसांचे दोन प्रकार

पितळी आवरण, प्रस्फोटक, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार मुख्य घटक होत. ‘रिमफायर’ काडतुसात प्रस्फोटक बुडाच्या कडेत भरलेला असतो. घोड्याच्या आघाताने ही कड चेपली जाणे आवश्यक असल्याने आवरण पातळ ठेवावे लागते. परिणामी ते अधिक दाब सहन करू शकत नाही. ‘सेंटरफायर’ प्रकारात प्रस्फोटक बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपीत असतो आणि आवरण जाड असते. त्यामुळे दारू अधिक भरता येते.

‘पॉइंट टू टू’ नावाने परिचित असलेल्या .२२ रिमफायर काडतुसातील गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम असून नळीतून बाहेर पडताना तिची ऊर्जा साधारण १४० ज्यूल असते. शिकारीत प्रचलित असलेल्या .३०८ विंचेस्टर या सेंटरफायर काडतुसात हीच ऊर्जा सुमारे ३,५०० ज्यूल, म्हणजे पंचवीसपट असते.

नेमबाजीत सातत्य महत्त्वाचे

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटर रायफल प्रकारात .२२ रिमफायर काडतूसच वापरता येते आणि गोळी शिशाची अथवा तत्सम मऊ धातूची असावी लागते. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ १०.४ मिलिमीटर असतो.

स्पर्धेच्या काडतुसातील गोळीचा वेग हेतुपुरस्सर ध्वनीच्या वेगाहून कमी, सेकंदाला सुमारे ३२५ मीटर ठेवला जातो. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी मंदावत त्या सीमेखाली आली की ती डळमळू शकते. म्हणून येथे अधिक वेग हा गुण ठरत नाही.

एकाच नाममुद्रेच्या काडतुसांतही उत्पादनाच्या तुकडीनुसार सूक्ष्म फरक पडतो. शिवाय प्रत्येक नळीला प्रत्येक तुकडी मानवत नाही. यास्तव रायफल घट्ट बसवून निरनिराळ्या तुकड्यांच्या गोळ्या झाडतात आणि ज्या तुकडीची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात, ती निवडतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे जिंकलेले विश्वविजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक ५० मीटर रायफल प्रकारांतील आहे.

शिकारीचा निकष

ज्या देशांत परवानगीने शिकार होते, तेथे प्राण्याला यातना न होता त्वरित मृत्यू यावा, हा निवडीचा निकष मानला जातो. त्यासाठी पुरेशी ऊर्जा आणि शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी लागते. कोलकात्याजवळील दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात बनलेल्या अशाच गोळीवरून ‘दमदम गोळी’ हे नाव पडले. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळीचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. शिकारीत मात्र ती आवश्यक समजली जाते. मोठ्या जनावरावर .२२ ची गोळी झाडल्यास ते जखमी होऊन निसटण्याचा संभव अधिक असतो.

भारतातील कायदा

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने छंदाखातर परवान्याने शिकार करण्याची मुभा संपुष्टात आली. माणसाच्या जिवाला धोका किंवा पिकांचे नुकसान अशा विशिष्ट परिस्थितीतच, कायद्यातील तरतुदींनुसार, अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने प्राणी मारता येतो. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

शस्त्र कायद्यानुसार परवान्यावर नमूद बोअरचीच काडतुसे आणि तीही ठरलेल्या मर्यादेत खरेदी करता येतात. .३०३ व ७.६२ मिलिमीटर ही लष्करी बोअर सामान्य परवानाधारकास निषिद्ध आहेत; .३१५ बोअरची रायफल मात्र परवान्यावर मिळू शकते.

खेळाच्या काडतुसाबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. .२२ ची लहानशी गोळी अनुकूल कोनातून झाडल्यास दीड किलोमीटरहून दूर जाऊ शकते. त्यामुळे मागे भक्कम बांध असलेल्या अधिकृत केंद्राखेरीज अन्यत्र सराव करणे धोक्याचे आहे.