हॉलीवूडच्या सुवर्णकाळातला मराठी ‘ब्रह्मचारी’

मूक विनोदपटाला भाषेची अडचण नव्हती. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) गुलमंडीत गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणारा दुकानदार क्षणात उर्दूवर येतो. १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या राज्यात होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. अशा बहुभाषक पेठेतील माणसाला चार्ली चॅप्लिनची छडी आणि टोपी समजण्यासाठी दुभाष्याची गरज नव्हती. बोलपट रूढ झाल्यावरही चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ (१९३१) व ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) जवळजवळ संवादांविना काढले, ते उगाच नव्हे.

पुढे मात्र हॉलीवूडचा विनोद बोलू लागला, आणि भरभर बोलू लागला. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) पासून नायक-नायिकेच्या शाब्दिक चकमकींचे चित्रपट लोकप्रिय झाले. १९३४ पासूनच तेथे नीतिनियमांची संहिता कडकपणे अमलात आल्याने प्रणय संवादांत लपवावा लागे. हॉवर्ड हॉक्सच्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) मध्ये हाडांच्या सांगाड्यात बुडालेल्या शास्त्रज्ञाची शिस्त एक अवखळ तरुणी आणि तिचा बिबट्या मिळून उधळून लावतात.

नेमक्या त्याच वर्षी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आणला. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक व नायक मास्टर विनायक. देशभक्त जटाशंकरांचे व्याख्यान ऐकून औदुंबर नावाचा सामान्य तरुण नट्यांची चित्रे टाकून देतो, व्यायाम सुरू करतो आणि आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो. ती शपथ किशोरीपुढे टिकत नाही. मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात सादर केलेल्या गाण्याने त्या काळी खळबळ माजली. परंतु चित्रपटाचे खरे धाडस त्या पोशाखात नसून, राष्ट्रकार्याच्या नावाखाली तरुणांना संन्यास शिकवणाऱ्यांची टर उडवण्यात होते. पारतंत्र्याच्या काळात हे सोपे नव्हते. दोन्ही कथांचा सांगाडा मिळताजुळता असला, तरी अत्र्यांचे लक्ष्य अस्सल देशी आहे. नक्कल म्हणण्याजोगे त्यात काही नाही.

‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) याच जोडीची. दारूशी आयुष्यात संबंध न आलेला भोळा कारकून बगाराम औषधासाठी ब्रँडी शोधत हिंडतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी लागू केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे विनोदाची धार कळते. हे दोन्ही चित्रपट हिंदीतही निघाले. मात्र अत्र्यांच्या कोट्या भाषांतरात किती उरतात, हा प्रश्नच आहे.

लॉरेल-हार्डीची आठवण करून देणारी जोडगोळीही मराठीत अवतरली. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ विनायकांच्याच ‘लग्न पहावे करून’ (१९४०) मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी साकारले. दामुअण्णांचा तिरळा डोळा हे त्यांचे भांडवल होते; पण त्यांची खरी ताकद शब्द टाकण्याच्या वेळेत होती.

विनायकांचे १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी निधन झाले. चिमणराव पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्यामुळे घरोघरी पोहोचले.