पोपांची पदके

नाणे आणि पदक ही दिसायला सख्खी भावंडे, पण दोघांचे स्वभाव निराळे. नाणे हातोहात फिरते आणि झिजते. पदकाने शेरभर मीठही मिळत नाही. मागून येणाऱ्यांनी आपली आठवण ठेवावी, एवढ्यासाठीच ते पाडायचे. रोमच्या पोपांनी ही हौस पाच शतके जपली आहे.

पोप दुसरा पॉल (१४६४-१४७१) हा स्वतःच मोठा संग्राहक. रत्ने आणि जुनी नाणी यांचा त्याला भारी नाद. कार्डिनल असताना, १४५५ च्या सुमारास, त्याने रोममध्ये एक वाडा बांधायला घेतला. तोच आजचा पलाझ्झो व्हेनेझिया. त्याच्या भिंतींत त्याने आपला चेहरा असलेली पदके मातीच्या बोळक्यांत घालून चिणून ठेवली. शतके लोटल्यावर भिंती उकरल्या, तेव्हा ती बोळकी कामगारांच्या हाती आली!

पुढे १८ एप्रिल १५०६ रोजी दुसऱ्या ज्यूलिअसने नव्या सेंट पीटर्स चर्चचा पाया घातला. त्या प्रसंगी काराडोस्सो नावाच्या कारागिराने केलेल्या पदकावर ब्रामान्ते ह्या स्थपतीने योजलेली इमारत आहे : मध्ये विशाल घुमट, दोन बाजूंना मनोरे. १५१४ मध्ये ब्रामान्ते वारला, आराखडा पुनःपुन्हा बदलला आणि चर्च पुरे होऊन त्याचे पावनीकरण झाले ते १६२६ मध्ये. ब्रामान्तेच्या मनातले चर्च कधी उभे राहिलेच नाही. ते पाहायचे तर ह्या तळहाताएवढ्या काशात.

पण पदक नेहमीच धन्याची शोभा राखते असे नाही. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसमध्ये ह्यूगेनॉट म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांची भयंकर कत्तल झाली. वार्ता रोमला पोहोचताच तेराव्या ग्रेगरीने आनंदाने पदक काढले. एका बाजूस पोपचा चेहरा. दुसरीकडे एका हातात क्रूस, दुसऱ्यात तलवार घेतलेला देवदूत, पायाशी प्रेतांचा खच आणि वर लॅटिन अक्षरे : ‘ह्यूगेनॉटांचा संहार’. जे कौतुक म्हणून कोरले, तेच पुढे साक्षीपुरावा ठरले. १६९९ मध्ये पोपांच्या पदकांचा मोठा ग्रंथ छापणारा बोनान्नी हा स्वतः जेझुइट पाद्री. पण त्यानेही हे पदक वगळले नाही.

आणि हाच ग्रेगरी आपल्या घरातही आहे! पगाराची तारीख आपण ज्या दिनदर्शिकेत पाहतो, ती त्याचीच. त्याने ४ ऑक्टोबर १५८२ नंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला आणि त्याचेही पदक काढले. त्यावर मेंढ्याचे मस्तक आहे; मेंढा म्हणजे मेष रास, वसंतसंपाताची खूण.

ही पदके जमविणाऱ्याला डोळे उघडे ठेवावे लागतात. पोपांच्या टाकसाळीने जुने ठसे जपून ठेवले आणि त्यांवरून पुन्हापुन्हा पदके पाडली. ठशाला गंज चढला की त्यात बारीक खळगे पडतात आणि नव्या पदकावर ते पुटकुळ्यांसारखे उमटतात. जाणकार भिंग लावून त्याच पुटकुळ्या शोधतो.

मात्र खरे-खोटे पारखणे निराळे आणि गैरसोयीचे टाळणे निराळे. १५७२ चे पदक लपवून १५८२ चे तेवढे मिरविणाऱ्याजवळ संग्रह असेल, इतिहास नसेल. दोन्ही पदकांना जागा द्यायची ती एकाच खणात, शेजारी शेजारी. दोहोंवर चेहरा एकाच माणसाचा आहे.