नांदेड व लातूर येथील दीर्घिका-संशोधन

नांदेड व लातूर येथील दीर्घिका-संशोधन म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि लातूर जिल्ह्यातील महाविद्यालयांत दीर्घिका व दीर्घिकासमूह यांवर झालेले खगोलशास्त्रीय संशोधन होय. विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संकुलातील खगोलशास्त्रज्ञ एम. के. पाटील आणि त्यांचे सहसंशोधक एम. बी. पांडगे, एन. डी. वागशेट्टे व एस. एस. सोनकांबळे यांचे शोधनिबंध हा या कार्याचा मुख्य भाग आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकांतील धूळ आणि दीर्घिकासमूहांतील क्ष-किरण पोकळ्या हे त्याचे दोन प्रमुख विषय आहेत.

पार्श्वभूमी

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाजवळ मोठी वेधशाळा नाही. तरीही येथे असे संशोधन होऊ शकले, याची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले कारण म्हणजे पुण्याची आयुका ही संस्था. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा उद्देशच देशातील विद्यापीठांना खगोलशास्त्राच्या संशोधनासाठी ग्रंथालय, संगणक व मार्गदर्शन उपलब्ध करून देणे हा आहे. दुसरे कारण म्हणजे खुली अभिलेखागारे. १९९९ साली प्रक्षेपित झालेल्या चंद्रा क्ष-किरण वेधशाळेची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी विनामूल्य खुली होतात. त्यामुळे ज्या निरीक्षणासाठी मूळ प्रस्ताव दुसऱ्या देशातील गटाने दिला होता, त्याचेच नवे विश्लेषण नांदेड किंवा उदगीर येथे बसून करता येते.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांतील धूळ

लंबवर्तुळाकार व भिंगाकार दीर्घिकांत वायू आणि धूळ जवळजवळ नसते, असे पूर्वी मानले जाई. पाटील, एस. के. पांडे, डी. के. साहू व अजित केंभावी यांनी अशा २६ दीर्घिकांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००७ साली 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. धुळीमुळे निरनिराळ्या रंगांचा प्रकाश किती मंद होतो, हे त्यांनी मोजले. एकूण प्रकाशक्षय आणि निळ्या-पिवळ्या प्रकाशातील क्षयाचा फरक यांचे गुणोत्तर या दीर्घिकांत सरासरी ३.०२ आढळले. आकाशगंगेसाठी हे मूल्य ३.१ मानले जाते. यावरून या दूरच्या दीर्घिकांतील धूळ आकाशगंगेतील धुळीसारखीच असल्याचे दिसून आले.

या पद्धतीने काढलेले धुळीचे वस्तुमान सूर्याच्या वस्तुमानाच्या दहा हजार ते दहा लाख पट भरले. अवरक्त किरणांवरून काढलेले वस्तुमान मात्र त्याहून सुमारे दहापट होते. ताऱ्यांमध्ये सर्वत्र मिसळलेली धूळ दृश्य प्रकाशाच्या पद्धतीतून निसटते, असा याचा अर्थ लावण्यात आला.

क्ष-किरण पोकळ्या

दीर्घिकासमूहांच्या गाभ्यातील तप्त वायू क्ष-किरण उत्सर्जित करून सतत ऊर्जा गमावतो. त्यामुळे तो वेगाने थंड होऊन त्यातून मोठ्या प्रमाणावर तारे निर्माण व्हावेत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तसे आढळत नाही. मध्यवर्ती कृष्णविवरापासून निघणारे झोत वायू बाजूला सारून पोकळ्या निर्माण करतात आणि वायूला पुन्हा ऊर्जा पुरवतात, हे त्याचे मान्यताप्राप्त स्पष्टीकरण आहे. पोकळीचा आकार, भोवतालच्या वायूचा दाब आणि पोकळीचे वय यांवरून ही ऊर्जा मोजता येते.

कालेय तारकासमूहातील एनजीसी ६३३८ या दीर्घिकेतील पोकळ्यांवरचा पांडगे, वागशेट्टे, लॉरेन्स डेव्हिड व पाटील यांचा निबंध २०१२ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या 'मंथली नोटिसेस' मध्ये आला. पुढे अ‍ॅबेल १९९१ व अ‍ॅबेल २३९० या समूहांवरही निबंध प्रसिद्ध झाले.

वागशेट्टे व सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या निबंधात अ‍ॅबेल ३८४७ या समूहातील दोन प्रचंड पोकळ्यांचे वर्णन आहे. तेथील पोकळ्या आणि रेडिओ-पालिका एकाच जागी नसून त्यांच्यात सुमारे दोन लाख ते अडीच लाख प्रकाशवर्षांचे अंतर आढळले. झोतांची शक्ती वायूच्या उत्सर्जनातून होणाऱ्या ऊर्जाक्षयाच्या सुमारे साडेसात पट निघाली, म्हणजे वायू थंड होणे रोखण्यास ती पुरेशी होती. वागशेट्टे यांच्या निबंधांवर उदगीरच्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाचा, तर पांडगे यांच्या नंतरच्या निबंधांवर लातूरच्या दयानंद विज्ञान महाविद्यालयाचा पत्ता आढळतो.

उद्धरण-प्रभाव

एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढील संशोधकांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, यावरून त्याचा उद्धरण-प्रभाव मोजतात. खगोलशास्त्रात यासाठी नासाची 'अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम' ही सूची वापरली जाते. होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवलेला एच-निर्देशांकही प्रचलित आहे. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उद्धरणे मिळाली आहेत (आणि २१ निबंधांना प्रत्येकी २१ मिळालेली नाहीत), त्याचा एच-निर्देशांक २० होतो.

मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांच्या निबंधांवर शेकडो लेखक असतात आणि त्यांना हजारो उद्धरणे मिळतात. ती प्रत्येक लेखकाच्या नावावर जमा होतात. नांदेड-लातूरच्या वर उल्लेखिलेल्या निबंधांवर मात्र बहुधा चारच लेखक आहेत आणि प्रत्येक निबंध एखाद्या विशिष्ट दीर्घिकेवर किंवा समूहावर आहे. अशा निबंधाचा वाचकवर्ग मर्यादित असतो. म्हणून या दोन प्रकारच्या कार्याची केवळ एकूण उद्धरणांवरून तुलना करणे योग्य ठरत नाही. लेखकसंख्येने भागलेली उद्धरणे आणि पेपे व कुर्ट्झ यांचा २०१२ सालचा 'टोरी' निर्देशांक ही त्यावरील साधने होत. टोरी निर्देशांकात लेखकाने स्वतःच केलेली उद्धरणे वगळली जातात. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाचे मूल्यमापन करू नये, अशी शिफारस सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही आहे.

एका समूहावरील निबंधाचे मोल अनेकदा उशिरा कळते. निरनिराळ्या समूहांतील पोकळ्यांची मोजमापे एकत्र केल्यावरच झोतांची शक्ती आणि वायूचे शीतन यांतील सर्वसाधारण संबंध तपासता येतो.